चौदा वाटे

“घरात माणसं किती?”

“चवदा.”

मी पेन खाली ठेवलं. ओसरीवर घाडीकाका एकटे बसले होते. गोठ्यात एक गाय होती आणि खळ्यात सुपाऱ्या वाळत पडल्या होत्या. आत चूल एकाच माणसाची पेटायची, हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्याच घराच्या पडवीतल्या खोलीत मी दोन वर्षं भाड्यानं राहत होते.

“काका, मला तर तुम्ही एकटेच दिसता.”

“तुका दिसत नाय म्हणान माणसां नसतत?” त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. “थोरलो झील, तेची बायल, तीन पोरां. मधलो, तेची बायल, दोन पोरां. धाकटो, तेची बायल नी दोन पोरां. नी मी. कर हिशेब. तू मास्तरीण ना?”

“ते सगळे मुंबईला आहेत.”

“मुंबैक कामाक गेलेत. ऱ्हवतत हंयच.”

“शेवटचे कधी आले होते?”

काका गाईकडे बघत राहिले. “अवंदा धाकट्याक रजा गावली नाय,” ते म्हणाले.

जनगणनेच्या कामावर मला घाडीवाडी आणि वरचा सडा असा भाग दिला होता. वेळणे हे तसं बंदराचं गाव. एसटी स्टँड, बाजारपेठ, दोन बँका, सगळं होतं. पण मी दार वाजवायची आणि कुलूप हलायचं. कुलूप नसेल तिथं एखादी म्हातारी निघायची आणि ती पण दहा-बारा नावं सांगायची. कोणी खोटं बोलतंय असं मला तेव्हा वाटायचं आणि मी चिडायची. नंतर कळलं, की ही त्यांची रीतच होती. शिमग्याला देवळात खोबऱ्याचे वाटे पडतात ते घरातल्या माणशी एक. जो मुंबईला आहे त्याचाही पडतो. घाडीकाका दर वर्षी चौदा वाटे घरी आणायचे आणि तेरा एका डब्यात भरून फळीवर ठेवायचे. मुलं आली की द्यायचे. नाही आली, की वाळलेलं खोबरं पुढच्या शिमग्यापर्यंत तसंच राहायचं.

“जो माणूस आता इथं राहतो तोच लिहायचा, असा नियम आहे,” मी म्हणाले. “म्हणजे एक.”

“नी तू?”

“मी कराडची.”

“मगे हंय कोण झोपता? तुझा भूत?”

नियमाप्रमाणे माझं नावही याच घरात लिहायला हवं होतं, आणि ते मला नको होतं. खाटेखाली माझी बॅग दोन वर्षं भरलेली होती. कपाट घेतलं नव्हतं, कपडे दोरीवर असायचे. कराडला माझी मुलगी होती, तनू. सहा वर्षांची. नोकरी लागून मी इकडे आले तेव्हा ती चार वर्षांची होती आणि “काही महिन्यांचाच प्रश्न आहे,” असं सगळेच म्हणाले होते. आता ती माझ्या सासूबाईंना आई म्हणायची आणि मला मम्मी. फोनवर तर तेही म्हणायची नाही, फोन उचलून नुसती श्वास घेत राहायची.

बदलीचा आदेश मात्र माझ्या हातात होता. फक्त खाली एक ओळ होती : शाळेवर दुसरा शिक्षक हजर झाल्याशिवाय कार्यमुक्त करू नये. एकशिक्षकी शाळा, समुद्राच्या टोकाला. तिथं कोण हजर होणार? शाळा बंद पडली तरच माझी सुटका होती. आणि शाळा बंद पडत आली होती. शिमग्यानंतर पटपडताळणी होती. पटावर वीस मुलं हवीत, नाहीतर शाळा बाजारपेठेतल्या शाळेत मिसळायची, असं केंद्रप्रमुख सांगून गेले होते. पटावर बारा होती. वीस येणार कुठून? वाडीत नवं लग्न झालं की जोडपं मुंबईला जायचं, आणि मूल तिकडंच व्हायचं. म्हणून मी गप्प होते. दिवस ढकलत होते.

काका गप्प नव्हते. शाळेची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली. त्यांचे तिघं मुलगे तिथंच शिकलेले. त्या संध्याकाळी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले.

“माझी सात नातवंडां आसत. तेंची नावां घाल पटार.”

“काका, नाव घातलं म्हणून मूल येतं का? साहेब मोजायला येणार आहेत.”

“त्या दिवशी बोलवतंय तेंका.”

“येतील?”

ते तसेच परत गेले. जाताना अंगणातल्या बादलीला त्यांचा पाय लागला, ती त्यांनी उचलून सरळ केली आणि बराच वेळ तिच्याजवळ उभे राहिले. मला वाईट वाटलं. पण खरं सांगते, आत कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं.

सड्यावर मी दुसऱ्या दिवशी गेले. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचा कातळाचा माळ. त्याच्या कडेनं हापूसची कलमं लावलेली. कलमं घाडीकाकांच्या मालकीची, पण करारानं नंदू राण्यांकडं होती. नंदू आंब्याचा कंत्राटदार, मोटारसायकलवरून न उतरताच बोलायचा, भांडायचा आणि निघून जायचा. कलमं राखायला त्यानं नेपाळची माणसं ठेवली होती. गावात त्या सगळ्यांना ‘गुरखे’ म्हणायचे आणि प्रत्येक पुरुषाला ‘बहादूर’.

सडा मला नवा नव्हता. आमच्या वाडीच्या बाजूला मोबाईलला रेंज फक्त तिथं यायची, एका मोठ्या धोंड्याजवळ. शाळा सुटली की मी रोज तिथं जाऊन कराडला फोन लावायची. तिथंच एक नेपाळी बाई पण यायची. एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला मी, मध्ये धोंडा. दोघी फोन कानाला लावून मोठ्यानं बोलायचो आणि एकमेकींकडं बघायचो नाही. दोन वर्षांत मी तिला नाव विचारलं नव्हतं. आता कागद पुढ्यात होता म्हणून विचारलं.

“सुनमाया.”

“नवरा?”

“करण. सगळे बहादूर सांगतत, पण करण.” तिला मराठी यायची ती मालवणीच. दुसरी ऐकलीच नव्हती तिनं.

पत्र्याच्या दोन खोल्या होत्या आणि तिथं दोन कुटुंबं राहायची. नवरा-बायको दोन जोड्या. मुलं सगळीकडं होती. एकजण पत्र्याचा डबा बडवत कलमांमधून पळत होता, कारण माकडं आली होती. त्याच्या मागं दोघी मुली दगड घेऊन धावत होत्या. मी मोजलं. सुनमायाची तीन, दुसरीची चार. सगळी शाळेच्या वयाची. घाडीवाडीत दहा दारं फिरल्यावर मला एवढी मुलं मिळाली नव्हती.

“तुला मुलं किती?” मी विचारलं. तो रकाना होताच.

“चार.”

“इथं तर तीन दिसतात.”

“एक थंय आसा. मोठी.” तिनं उत्तरेकडं हात केला, जणू समोरच्या डोंगराच्या मागंच नेपाळ होतं. “सासूकडे. हंय इलंय तेव्हा बारकी होती. म्हटला, ह्या सीझनाक ऱ्हवाची नी घेवन येवची. आता ती माका दीदी म्हणता.”

मी लिहीत राहिले. अक्षर वाकडं येत होतं.

“तिला आणत का नाहीस?”

“आता ती येवची नाय. माका वळखत नाय ती.” ती सहज बोलत होती. “म्हणान हेंका सोडूक नाय. नंदूशेट म्हणता, पोरां गावाक धाड, तुमी दोघाच ऱ्हवा. मी सांगलंय, नाय. करण म्हणालो, थंय खाली शाळा दिसता, ह्या वर्षी घालूया. शाळेची घंटा हंय आयकाक येता. बाई, शाळा बंद होतली असा नंदूशेट सांगता. खरा?”

“कोणी ठरवलं नाही अजून.”

“बंद झाली तर करण हेंका घेवन जातलो. तेका वाटता, पोरां माकडाच्या मागे धावान माकडाच होतली.”

तिची एक मुलगी येऊन माझ्या पिशवीवरचं नाव बोटानं गिरवायला लागली. मी उठले. फोन न लावताच खाली आले.

त्या चार दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. फळ्यावर अर्धं लिहून विसरायची. मुलांवर ओरडायची. मला फक्त गप्प बसायचं होतं. सड्यावर सात मुलं आहेत, हे गावात कोणी मोजलं नव्हतं; त्यांना मुलं दिसतच नव्हती, गुरखे दिसत होते. मी बोलले नाही तर कुणी मला दोष देणार नव्हतं. शाळा बंद, मी कराडला, तनू माझ्या कुशीत. आणि सुनमायाची तीन पोरं नेपाळला. तिच्या तीन पोरांशी माझा काय संबंध, असं मी स्वतःला विचारायची, आणि धोंड्याजवळ जायचं टाळायची.

नवऱ्यानं शेवटी शाळेच्या फोनवर फोन केला. “आदेश हातात हाय, शाळा बंद पडतीया, आणि तू रडतीस कशापायी?”

“रडत नाही.”

“मग ये की गप.”

मी फोन ठेवला आणि तशीच काकांकडं गेले. ते गाईला पेंढा घालत होते.

“काका, मुलं आहेत.”

“खंय?”

“सड्यावर. सात.”

ते थांबले. “ती गुरख्यांची पोरां.”

“पोरंच आहेत ना?”

“आपली न्हय ती.” त्यांनी पेंढा टाकला. “ती आज आसत, उद्या नाय.”

“तुमची चौदा तरी कुठं आहेत?”

बोलून गेले आणि मला वाटलं, आता हे खोली खाली करायला सांगणार. काका हात झटकून आत गेले. रात्री जेवायला त्यांची भांडी वाजली नाहीत. सकाळी उठून बघते तर ओसरीवर ते नव्हते, काठीही नव्हती.

मी सड्यावर पोचले तेव्हा नंदू मोटारसायकलवर बसलेला होता आणि काका त्याच्यासमोर उभे होते.

“काका, तुमका काय कळता?” नंदू म्हणत होता. “आंबो ऐन धरलोहा. पोरां शाळेत बसली तर माकडां कोण हाकतलो? नी शाळा म्हटल्यार पावसातय ही हंयच ऱ्हवतली. मुळां फुटली की मगे हलत नाय कोण.”

“कलमां कोणाची?”

“तुमची.”

“माकडां खंयच्या कलमांवर येतत?”

“तुमच्याच.”

“मगे माकडांचा मी बघतंय. पोरां शाळेत जातली.”

नंदू हसला. “नी देवळात? वाटो पण देतलास तेंका?”

काका काठी टेकत वळले. परत येताना उतारावर त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. “दर शिमग्याक मी गाऱ्हाणा घालतंय,” ते म्हणाले. “शाळेतल्या पोरांका विद्या दी म्हाराजा, असा म्हणतंय. शाळा नसली तर काय म्हणू? सरकाराक चवदा सांगलंय, ता चलता. देवाक खोटा सांगूक जमाचा नाय.”

सात मुलं दुसऱ्या दिवसापासून आली. डबा बडवणारा मुलगा पहिल्या दिवशी बाकाखाली बसला. पट एकोणीस झाला.

“एक कमी,” नंदूनं शाळेच्या फाटकाशी मोटारसायकल उभी करून मला सांगितलं. “बारक्या गोष्टीत अडाकतला बाई तुमचा.” त्याला ते कुठून कळलं कोण जाणे. तो बोलला तेव्हा सुनमाया मुलांना न्यायला आलेली होती. तिनं ते ऐकलं आणि माझ्याकडं बघितलं. ती काही मागत नव्हती. तरी मला तिचा राग आला. तिचा, नंदूचा, काकांचा, सगळ्यांचाच. मी काय विसावं मूल मंतरून आणू?

शनिवारी दुपारी शाळा सोडली आणि मी कराडची गाडी पकडली. गाडीत बसेपर्यंत मला स्वतःला माहीत नव्हतं की मी काय करणार आहे. घाट चढताना माहीत झालं.

सासूबाई तनूचे केस विंचरत होत्या. तनूला न्यायला आलेय, असं मी सांगितलं तसा त्यांचा हात थांबला.

“शाळा हितं न्हाई व्हय?” त्या म्हणाल्या.

“आहे. पण मी तिकडं आहे.”

“तू तर येणार हुतीस.”

“आता नाही येत. निदान या वर्षी नाही.”

नवरा बाहेर निघून गेला. दार आपटलं नाही, एवढंच. सासूबाई तनूची वेणी घालत राहिल्या. रिबीन बांधून झाली तरी त्यांनी ती सोडून पुन्हा बांधली.

“न्हे. तुझीच हाय,” त्या म्हणाल्या. “पर परत आणशील तवा मला वळखंल का गं ही?”

मी त्यांच्या पाया पडले आणि रडले. त्या रडल्या नाहीत. तनू एसटीत माझ्यापासून जागा सोडून खिडकीला चिकटून बसली होती. पूर्ण प्रवासात तिनं मला एकच विचारलं, “आई कधी येणार?” मी म्हणाले, “येईल शिमग्याला.” सासूबाई शिमग्याला येणार नव्हत्या. मलाही घाडीकाकांची सवय लागली होती.

आल्यावर मी पटावर तिचं नाव घातलं. जनगणनेच्या फेरतपासणीचे दिवस होते, तेव्हा घाडींच्या घराच्या कागदावर काकांच्या खाली माझं नावही लिहिलं.

शिमग्याला देऊळ भरलं, म्हणजे त्या वर्षी जेवढं भरायचं तेवढं. मुंबईची माणसं थोडीच आली होती. काकांची तिघंही मुलं आली नाहीत. सड्यावरची अकराही माणसं आवाराच्या गडग्याबाहेर, दगडी कुंपणापलीकडं उभी होती. सुनमायानं मुलांचे केस तेल लावून चापून बसवले होते.

काकांनी गाऱ्हाणं घातलं. त्यांचा आवाज एरवी बसका, तिथं मात्र चढायचा.

“बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाशी इलीहत…”

“व्हय म्हाराजा!”

“जी मुंबैक आसत, जी परमुलखात आसत, तेंची राखण कर म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या गावच्या शाळेत वीस पोरां बसतत…” ते थांबले. घसा खाकरला. “वीस पोरां, घाटावरली नी नेपाळातली नी हंयची. तेंका विद्या दी म्हाराजा…”

कोणी ओ दिली नाही. लोक एकमेकांकडं बघायला लागले. गाऱ्हाण्याला ओ मिळाली नाही तर ते तसंच लटकत राहतं, पुढं जात नाही. काका हात जोडून तसेच उभे होते. दोन वर्षांत मी त्या देवळात एकदाही तोंड उघडलं नव्हतं. मी कराडची होते ना.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणाले. आवाज फाटला. तनूनं दचकून माझ्याकडं बघितलं आणि मग तीही म्हणाली. मग मागून कुठल्याशा म्हातारीनं ओ दिली, आणि मग सगळ्यांनी.

वाटे करायला गुरव बसला. त्याला घरं तोंडपाठ होती. “घाडी, चवदा,” म्हणत त्यानं केळीच्या पानावर खोबऱ्याचे तुकडे मांडायला घेतले.

“तीन,” काका म्हणाले.

गुरवानं मान वर केली.

“मी, ही नी हिचा चेडू. तीन हंय ठेव. रवलेले अकरा थंय दी.” त्यांनी गडग्याकडं बोट केलं.

“काका,” नंदू मागून म्हणाला, “ते वाटे तुमच्या झिलांचे.”

“झील मुंबैक आसत,” काका म्हणाले. “थंय नारळ गावतत.”

गुरवानं तीन वाटे बाजूला काढले, पान उचललं, गडग्यापर्यंत गेला आणि सुनमायाच्या पदरात वाटे टाकले. तिनं पदर दोन्ही हातांनी धरला होता. डबा बडवणाऱ्या मुलानं लगेच एक उचलून तोंडात टाकला.

आम्ही घरी निघालो. तनू आपलं खोबरं चावत पुढं चालली होती, माझं मी खाल्लं होतं. काका भरभर चालत होते. खळ्यात आल्यावर मी विचारलं, “काका, तुमचा वाटा?”

त्यांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. खिसा फुगलेला होता.

“धाकट्याक आवडता,” ते म्हणाले. “पोस्टान धाडूक येता काय गो?”